कमानीचा उजवा पाय नारिंगी का झाला: मखरातल्या तीनशे दिव्यांचं प्रकरण

कमानीला पांढरा रंग दिला होता. डाव्या पायाशी तो खरोखर पांढरा होता. वर, जिथे मूर्तीचा मुकुट येणार होता तिथे, तो पिवळसर झाला होता आणि उजव्या पायाशी उतरेपर्यंत चक्क नारिंगी. प्रोग्रॅममध्ये मात्र तीनशेच्या तीनशे दिव्यांना एकच आकडा दिलेला. अकरावीतली एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन खाली सतरंजीवर बसली होती. ती म्हणाली, "काका, कोड तीनदा वाचला. सगळीकडे २५५, २५५, २५५च आहे."

म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण तेजावर, पांढरा. कोड बरोबरच होता. पुढच्या दोन आठवड्यांत जे जे बिघडलं, त्यातलं जवळजवळ काहीच कोडमधल्या चुकीमुळे बिघडलं नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय. मुलं या छंदात शिरतात ती प्रोग्रॅम लिहायला म्हणून, आणि अडकतात ती तांब्याच्या जाडीपाशी, पाव व्होल्टच्या फरकापाशी. तिथे त्यांना सांगणारं कुणी नसेल तर "आपल्याला कोडिंग जमत नाही" असं समजून ती सोडून देतात. माझी खरी तळमळ तिथे आहे.

काम काय होतं

पुण्यातली आमची सोसायटी साठेक घरांची. २०२५ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. बांबू, पुठ्ठा आणि कापडाचं मखर, आणि त्याला बाहेरून उलट्या यूच्या आकाराची कमान: पावणेदोन मीटरचे दोन पाय आणि वर दीड मीटरची गोलाई. एकूण पाच मीटर.

आदल्या वर्षी बाजारातला तयार कंट्रोलर लावला होता. त्यात शंभरेक नमुने होते आणि सगळे धावणारे, उड्या मारणारे. तेव्हा तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या होत्या, "देवापुढे अशी लुकलुक नको रे. समईसारखं तेवू दे." या वर्षीचं सगळं काम त्या एका वाक्यावरून ठरलं. एरवी मंद, समईसारखा हलता उजेड. आरती सुरू झाली की दहा मिनिटांसाठी कमान हळूहळू शेंदरी उजळायची आणि मग आपोआप शांत व्हायची. आरतीला उभं राहणारं घर रोज वेगळं, त्यामुळे सुरुवात रिमोटच्या एका बटणाने झाली पाहिजे, लॅपटॉपने नाही.

खजिनदारांनी विचारलं, की बारा व्होल्टची चार तारांची साधी रंगीत पट्टी स्वस्त मिळते, ती का नको? रास्त प्रश्न होता. त्या पट्टीत लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी एकेक सामाईक तार असते, म्हणून अख्खी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. भिंतीच्या कडेला उजेड हवा असेल तर मी तीच सुचवीन: तीन मॉसफेट, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच, आणि मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या चिपच्या, तीन पिना, काम झालं. (एक सांगून ठेवतो. आयआरएफझेड४४एन हा मॉसफेट सगळीकडे सहज मिळतो, पण पाच व्होल्टच्या पिनेने तो पूर्ण उघडत नाही आणि तापतो. आयआरएलझेड४४एन मागा. फरक एका अक्षराचा आहे.) समईची ज्योत मात्र एका रंगाने होत नाही. शेजारशेजारचे दिवे थोडे वेगवेगळे हलले तरच ती ज्योत वाटते. म्हणून प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो अशी डब्ल्यूएस२८१२बीची पट्टी घेतली, मीटरला साठ दिवे. सोबत आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, पट्टीला वीज पुरवणारा पाच व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस, रिमोटचा तीन पायांचा रिसीव्हर आणि दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची पट्टी. तपकीर गल्लीत एका दुपारी सगळं मिळालं.

पट्टी बोलते कशी

या पट्टीतल्या प्रत्येक दिव्याच्या पोटात एक छोटी चिप असते. भिंग लावून पाहिलं तर तीन रंगांच्या बारीक ठिपक्यांशेजारी एक काळा चौकोन दिसतो, तीच. मायक्रोकंट्रोलर एकाच तारेवरून सगळ्या दिव्यांचे रंग रांगेने पाठवतो, दर दिव्याला २४ बिट. पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतःला ठेवतो आणि उरलेले नव्याने घडवून पुढे सोडतो. दुसराही तेच करतो. पंगतीत वाढप पुढे सरकावं तसं. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद लागतात. त्यातले ०.४ मायक्रोसेकंद तार वर राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. घड्याळाची वेगळी तार नाही, त्यामुळे हा वेळ अगदी काटेकोर पाळावा लागतो. पुढच्या दोन बिघाडांची मुळं याच परिच्छेदात आहेत.

रंगांचा क्रम लाल-हिरवा-निळा नसून हिरवा-लाल-निळा असतो. पहिल्या चाचणीत आम्ही लाल मागितला आणि कमान हिरवीगार झाली. लायब्ररीत, म्हणजे पट्टी चालवणाऱ्या तयार कोडमध्ये, क्रम बदलला, दोन मिनिटांत सुटलं. कोडमधली खरी चूक म्हणावी तर ही एवढीच.

तांब्याची वाट

आता त्या नारिंगी पायाकडे. मी मल्टिमीटर काढला आणि मुलीला म्हटलं, "आधी पट्टीला विचारू, मग कोडला." पांढरा रंग पूर्ण तेजावर ठेवून पट्टीच्या तांब्याच्या ठिपक्यांवर प्रोब टेकवले. सुरुवातीला ५.० व्होल्ट, कमानीच्या माथ्यावर ३.७, शेवटी ३.३.

लाल एलईडीला पेटायला साधारण दोन व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला तीनच्या आसपास लागतात, आणि वर चिपलाही स्वतःसाठी थोडं हवं असतं. पुरवठा उतरत गेला की आधी निळा उपाशी राहतो, मग हिरवा. लाल शेवटपर्यंत तगून असतो. पांढऱ्यातून निळा वजा केला की पिवळा, हिरवाही कमी केला की नारिंगी. म्हणजे कमान स्वतःच्या व्होल्टेजचा नकाशा रंगात काढून दाखवत होती. हे कळल्यावर त्या मुलीने मीटर माझ्या हातातून घेतला आणि दर दहा दिव्यांनी आकडे वहीत लिहायला सुरुवात केली.

त्या आकड्यांत एक गोष्ट तिनेच पकडली. एकूण घट १.७ व्होल्टची, त्यातली १.३ पहिल्या अर्ध्यातच झाली होती. "अर्ध्या अंतरात अर्धी घट हवी ना?" तांब्याची वाट सगळीकडे सारखीच जाड आहे, पण तिच्यावरची गर्दी सारखी नाही. पहिल्या मीटरच्या तोंडातून तीनशे दिव्यांचा करंट जातो, शेवटच्या मीटरमध्ये फक्त साठांचा शिरतो. म्हणून सुरुवातीचा रस्ताच जास्त खातो.

इथे मी एक चुकीची गोष्ट केली. एसएमपीएसवर व्होल्टेज थोडं कमीजास्त करायचा छोटा स्क्रू असतो. तो फिरवून ५.२५ केलं. चिपची कमाल मर्यादा ५.३ची, म्हणजे काठावर. डावा पाय आणखी लख्ख झाला, उजवा नारिंगी तो नारिंगीच. मग तो नाद सोडला, पण स्क्रू मागे फिरवायचा राहून गेला.

खरा उपाय तीन ठिकाणी पुरवठा देण्याचा: दोन्ही पाय आणि माथा. एकाच एसएमपीएसमधून प्लस आणि मायनसच्या जोड्या काढल्या, डेटाच्या तारेला हात लावला नाही. आता सगळ्यात लांबच्या दिव्यालाही पुरवठा सव्वा मीटरच्या आत. अंतर पाच मीटरवरून सव्वावर, म्हणजे चौथाईवर आलं. त्या तुकड्यात वाट चौथाई आणि तिच्यावरचा करंटही चौथाई, म्हणून पट्टीतली घट चौथाई न होता सोळावा हिस्सा होते. हा गुणाकार मी फळ्यावर कितीतरी वर्षं शिकवला आहे. पण पोरांनी दोन तारा जोडल्या आणि उजवा पाय डोळ्यांदेखत पांढरा झाला, तेव्हा तो त्यांना जसा पोचला तसा फळ्यावरून कधी पोचत नाही.

तारांबद्दल कंजुषी केली नाही. माथ्याची तार अडीच मीटर वर जाते आणि दोन्ही बाजूंचे मिळून दीडशे दिवे सांभाळते, म्हणून ती २.५ चौरस मिलिमीटरची. पायांच्या तारा १.५च्या. कागदावर दिव्याला ६० मिलिअँपिअर धरतात, म्हणजे तीनशेंना १८ अँपिअर. आमच्या पट्टीने क्लॅम्प मीटरवर पूर्ण पांढऱ्यात ११च्या आसपास घेतले. तरी तारा आणि फ्यूज ठरवताना मोठाच आकडा धरला: माथ्याला १० अँपिअरचा, पायांना पाच-पाचचे, गाडीत असतात तसले पात्याचे फ्यूज. पाच व्होल्ट हाताला लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण शॉर्ट झालं तर वीस अँपिअर एखाद्या बारीक तारेला लाल करायला पुरेसे आहेत, आणि आमच्या तारेशेजारी पुठ्ठा आणि कापड होतं. फ्यूजच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

सगळं जोडून पुन्हा मोजलं. सगळ्यात वाईट जागी ४.९. आकडा इतका छान आला, की तो इतका छान का आला हे कुणीच विचारलं नाही.

रिमोट आणि मंद चालणारं घड्याळ

दोन दिवसांनी रिमोट जोडला. स्थिर रंग असताना बटण पहिल्या फटक्यात लागायचं. समईची ज्योत हलायला लागली की रिमोट मेल्यासारखा. बॅटरी बदलली, रिसीव्हर बदलला, रिसीव्हर दिव्यांपासून लांब नेला. फरक शून्य.

दुसरी तक्रार वेगळीच वाटत होती. आरतीसाठी लावलेला दहा मिनिटांचा टायमर पंधरा मिनिटांच्या आसपास संपायचा. एका मुलाने मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तीनदा पाहिलं. दर वेळी तेच.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं. एका दिव्याचे २४ बिट म्हणजे ३० मायक्रोसेकंद, तीनशे दिव्यांचे नऊ मिलिसेकंद. हा वेळ काटेकोर पाळता यावा म्हणून उनोवरची लायब्ररी तेवढा वेळ सगळे इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून 'इकडे बघ' सांगणारे इशारे, बंद ठेवते. म्हणजे त्या नऊ मिलिसेकंदांत उनोला दुसरं काही दिसत नाही की ऐकू येत नाही. आमची एक फ्रेम, म्हणजे ज्योतीचं एक चित्र, साधारण २५ मिलिसेकंदांची होती: नऊ आंधळे, सोळा डोळस. आमच्या रिमोटचा संदेश एनईसी पद्धतीचा, पूर्ण व्हायला ६७.५ मिलिसेकंद घेणारा. सोळा मिलिसेकंदांच्या खिडकीतून तो अख्खा आत येणं शक्यच नव्हतं. बटण कितीही दाबलं असतं तरी नाही.

घड्याळाचंही तेच. उनो आपले मिलिसेकंद मोजतो तेही इंटरप्टवर, १.०२४ मिलिसेकंदाला एक टिचकी. नऊ मिलिसेकंद दार बंद असलं तर बाहेर साचलेल्या टिचक्यांपैकी एकच लक्षात राहते, बाकीच्या हरवतात. पंचवीसपैकी सतराच मोजले जात होते. दहा मिनिटांना पंचवीसने गुणा आणि सतराने भागा: १४.७. स्टॉपवॉचवाल्या मुलाच्या वहीत १४ मिनिटं ४० सेकंद लिहिलेलं होतं. त्या दिवशी तो आकडा त्याने घरी जाऊन आईबाबांना समजावून सांगितला, असं नंतर कळलं.

उपाय दोन होते. बटण दाबलं जाईल तेव्हा ज्योत थांबवायची, किंवा बोर्ड बदलायचा. ज्योत थांबवायची तर बटण दाबलं गेलंय हे आधी कळायला हवं, आणि ते कळत नाही हाच तर मूळ प्रश्न. म्हणून ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घेतला. त्यात असा काटेकोर सिग्नल पाठवायला वेगळं हार्डवेअर असतं. रंगांची रांग त्याच्याकडे सोपवली की प्रोसेसर मोकळा. रिमोट लागला, टायमर दहाला दहा मिनिटांत संपायला लागला.

तेव्हा एकाने सुचवलं, की ईएसपी३२ घेतलाच आहे तर डब्ल्यूएलईडी टाका. ते मुक्त आणि तयार सॉफ्टवेअर आहे, मोबाइलवरून सगळं चालतं. मला ते मनापासून आवडतं आणि घरच्या वापरासाठी मी तेच सांगतो. इथे आमचा आरतीचा क्रम मुलांनी स्वतः लिहावा अशी माझी इच्छा होती. शिवाय पुढे जे झालं ते डब्ल्यूएलईडीनेही टळलं नसतं.

हरतालिकेची रात्र

ईएसपी३२ची चाचणी माझ्या टेबलावर झाली होती. अर्ध्या मीटरचा उरलेला तुकडा, बोर्डाच्याच पाच व्होल्टच्या पिनेवर. तासभर चालवला, एक दिवाही चुकला नाही. २६ ऑगस्टला, हरतालिकेच्या रात्री नऊच्या सुमाराला, बोर्ड मखराला जोडला आणि कमानभर हिरव्या-गुलाबी ठिणग्या उडायला लागल्या. मध्येच एखादा दिवा लख्ख पांढरा. ज्योत होती, पण अंगात आल्यासारखी. सकाळी प्राणप्रतिष्ठा.

आधी एरवी लागू पडणारे उपाय केले. एसएमपीएस आणि बोर्ड यांचं ग्राउंड एकच आहे ना ते पाहिलं, होतं. डेटाच्या तारेत पट्टीजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर घातला, ग्राउंडची तार तिच्याभोवती पिळून घेतली. ठिणग्या थोड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. तारेला बोट लावलं की वाढायच्या. म्हणजे सिग्नल काठावर उभा होता.

मग डेटाशीट उघडली. पट्टीच्या चिपला "एक" ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट व्होल्टेज लागतं. ईएसपी३२ची पिन ३.३ व्होल्टची. टेबलावर बोर्डाच्या पिनेवर यूएसबीतून, मधल्या डायोडची घट जाऊन, ४.७ व्होल्ट येत होते. ०.७ पट म्हणजे ३.२९. तीन पूर्णांक तीनने तेवढ्यावर कशीबशी बाजी मारली होती! आता इथे एसएमपीएसवर मीटर लावला: ५.२५. तो स्क्रू. उजवा पाय उजळावा म्हणून मी फिरवलेला आणि तसाच राहिलेला. ५.२५चे ०.७ पट होतात ३.६७. उनो असेपर्यंत हे उघडं पडलं नव्हतं, कारण त्याची पिन पाच व्होल्टची.

स्क्रू फिरवून ५.० केलं. सीमा आली ३.५वर. ठिणग्या खूप कमी झाल्या, मिनिटाला दोन-तीन. व्होल्टेज उतरलं म्हणून कमानीचे आकडेही पुन्हा घेतले. सगळ्यात वाईट जागी ४.६५, पांढरा अजून पांढराच. पण देवासमोर मिनिटाला दोन ठिणग्याही चालणार नव्हत्या.

३.३ व्होल्टचा सिग्नल पाचचा करणारी लेव्हल शिफ्टरची चिप हवी होती आणि रात्रीचे साडेदहा वाजले होते. माझ्या डब्यात १एन४००७ डायोड होते. चाचणीच्या तुकड्यातून एक दिवा कात्रीने बरोबर तांब्याच्या ठिपक्यांच्या मधून कापला आणि कमानीच्या आधी जोडला. त्याचा प्लस मात्र थेट न देता डायोडमधून दिला. डायोड अर्धा ते पाऊण व्होल्ट खातो, म्हणून या एका दिव्याला मिळाले ४.३ ते ४.५. त्याची "एक" ओळखायची सीमा ३.१च्या आसपास उतरली, ईएसपी३२चे ३.३ त्याला स्वच्छ ऐकू आले. आणि तो पुढे नव्याने घडवून जे सोडतो ते त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याइतकं, म्हणजे ४.३च्या वर. पुढच्या दिव्याला ३.५ हवे, मिळाले चार पूर्णांक तीन. दिवा पुढच्याला सिग्नल नवा करून देतो ही गोष्ट कामाला आली. एक दिवा सुधारला की तीनशे सुधारले.

तो दिवा कायम काळा ठेवला आणि प्रोग्रॅममध्ये मोजणी तीनशेएक केली. जोडताना हात थोडा थरथरत होता. ठिपके दीड-दोन मिलिमीटरचे, आणि बाजूला मुलगी मोबाइलचा टॉर्च धरून उभी. तिने विचारलं, "काका, हा एकटाच अंधारात का?" मी म्हटलं, "तो निरोप्या आहे." रात्री एकला कमान अर्धा तास चालवून पाहिली. एकही ठिणगी नाही. दिवाबत्ती बंद करून आम्ही फक्त ती ज्योत पाहत बसलो.

पुढे चिपही बसवली. दुसऱ्या दिवशी ७४एचसीटी२४५ मागायला गेलो तर दुकानदाराने ७४एचसी२४५ दिली, "दोन्ही एकच" म्हणून. एकच नाहीत. पाच व्होल्टवर एचसीला "एक" साठी साडेतीन व्होल्टच लागतात, म्हणजे आपण जिथे होतो तिथेच. एचसीटीला दोन पुरतात. चिपच्या पाठीवरची अक्षरं दुकानातच उजेडात धरून वाचावीत. दुसऱ्या दुकानातून हवी ती आणली आणि डायोडवाला दिवा काढला, कारण चिपमधून आता पूर्ण पाच व्होल्ट येणार आणि इनपुट पुरवठ्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त वर जाऊ द्यायचं नसतं. चार मॉसफेटचं जे लेव्हल शिफ्टरचं छोटं बोर्ड मिळतं ते इथे वापरू नका. त्यात तार वर खेचायचं काम १० किलोओहमच्या रेझिस्टरवर असतं आणि ते या वेगाला पुरत नाही.

शेंदरी

तीन बिघाड सांगितले, पण मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो रंगाच्या कामाने.

मुलीने शेंदराचा फोटो काढून त्यातला रंग उचलला: लाल २५५, हिरवा ९०, निळा ०. लॅपटॉपवर अगदी शेंदूर. कमानीवर तो हळदीकडे झुकलेला, भडक पिवळसर. पट्टीत दोष नव्हता. स्क्रीनवरचे आकडे आपल्या डोळ्याच्या हिशोबाने मांडलेले असतात. डोळा अंधाराच्या बाजूचे फरक बारकाईने टिपतो आणि उजेडाच्या बाजूचे तेवढे नाही, म्हणून स्क्रीन ९० या आकड्याला पूर्ण उजेडाच्या दहा टक्केच उजेड देते. पट्टी मात्र सरळ भागाकार करते: २५५पैकी ९०, म्हणजे ३५ टक्के वेळ पेटलेली. हिरवा साडेतीन पट जास्त झाला, शेंदराची हळद झाली.

याला गॅमा दुरुस्ती म्हणतात. प्रत्येक आकडा २५५ने भागून त्याचा २.२ घात करायचा आणि पुन्हा २५५ने गुणायचा. ९०चे होतात २६, १२८चे ५६. तिने २५६ आकड्यांचा तक्ता तयार करून प्रोग्रॅममध्ये बसवला आणि कमानीवर २५५, २६, ० गेलं. शेंदूर. मूर्तीच्या अंगावरचा आणि कमानीचा रंग शेजारीशेजारी एक दिसला. त्याच तक्त्याने ज्योतही सुधारली. पूर्वी उजळताना एकदम उसळी मारायची आणि नंतर बराच वेळ काही बदललंच नाही असं वाटायचं. आता चढउतार डोळ्याला सारखा वाटू लागला. अगदी मंद टोकाला मात्र पायऱ्या जाणवतात, कारण खाली १ आणि ० यांच्या मधलं काही उरतच नाही. म्हणून ज्योतीचा तळ थोडा वर ठेवला, पूर्ण विझू दिली नाही.

ज्योत म्हणजे काय, तर लाल-पिवळसर रंग आणि शेजारच्या दोन-तीन दिव्यांशी जुळवून घेणारा हळू, अनियमित चढउतार. प्रत्येक दिवा आपल्या मनाने हलला तर वाळू सळसळल्यासारखं दिसतं. सगळे एकत्र हलले तर दम लागल्यासारखं. मुलांनी घरून समई आणली, बंद खोलीत लावली आणि दहा मिनिटं नुसती पाहिली. दार उघडल्यावर ज्योत कशी कलते आणि सावरायला किती वेळ घेते, ते वहीत लिहिलं. मग वेग निम्मा केला. चतुर्थीच्या संध्याकाळी आजी खुर्ची टाकून समोर बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि उठताना म्हणाल्या, "आता तेवतंय."

दहा दिवस

आरतीत एकदा वीज गेली. परत आली तेव्हा कमान आपणहून ज्योतीवर सुरू झाली, कारण सुरू होताना काय दाखवायचं ते आधीच ठरवलं होतं. वीज येतानाचा झटका झेलायला पुरवठ्याच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही होता. तेजाला प्रोग्रॅममध्ये कायम चाळीस टक्क्यांची सीमा ठेवली. दुधी झाकणामागून तेवढा उजेड भरपूर होता आणि एसएमपीएस कधी कोमटपलीकडे तापला नाही. बाकी दहा दिवसांत तिला हात लावावा लागला नाही.

६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला विसर्जन करून आल्यावर मुलांनीच कमान उतरवली. पट्टी ॲल्युमिनियमच्या पट्टीसकट कापडात गुंडाळली. गोल वळवली नाही, वळवून ठेवली की सोल्डरचे डाग सुटतात. खोक्याच्या आतल्या बाजूला मुलीने कागद चिकटवला आहे. त्यावर तिच्या अक्षरात: एसएमपीएस ५.०, स्क्रूला हात लावू नये. फ्यूज ५, १०, ५. चिप एचसीटी, एचसी नाही. शेंदरी २५५, २६, ०. खाली पारदर्शक टेपने तो डायोड लावलेला एकटा दिवा चिकटवलाय, आणि त्याच्याशेजारी लिहिलंय: निरोप्या.